नोंदवहीतले परंडा

परंडा म्हटले की इतिहासाच्या अभ्यासकाला किल्ला आठवतो. १६०० साली अहमदनगर मोगलांच्या हाती पडल्यावर मलिक अंबरने निजामशाहीचा डाव पुन्हा मांडला तो याच परंड्यात. आमच्याकडच्या स्थानिक इतिहासाच्या पुस्तकांत किल्ल्याला आणि बुरुजांवरच्या तोफांना दोन-चार पाने मिळतात आणि मजकूर लगेच तेर, तुळजापूर, नळदुर्गाकडे वळतो. प्रस्तुत लेखातले परंडा मात्र मला एका अगदी निराळ्या ग्रंथात भेटले.

फ्रान्समधील लिआँ या शहरात जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग-संशोधन संस्था आहे. जगाच्या पाचही खंडांत कुठल्या प्रदेशात कुठला कर्करोग किती आढळतो, याच्या कोष्टकांचा जाडजूड ग्रंथ ती दर काही वर्षांनी काढते. १९९७ साली त्या मालेचा सातवा खंड निघाला. त्यात भारताच्या मथळ्याखाली मुंबई, मद्रास, बंगलोर या महानगरांच्या पंगतीत एक नाव आहे: बार्शी, परंडा आणि भूम. त्याच खंडात जपानची पाने उघडली तर ओसाका, मियागी, हिरोशिमा भेटतात. जठराच्या कर्करोगाचा रकाना पाहिला तर या दोन्ही पानांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. जपानी पुरुषांत या रोगाचे प्रमाण जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी एक, आणि बार्शी-परंडा-भूमचे सर्वांत कमी प्रमाणांपैकी एक.

ज्या तालुक्यांत जन्म-मृत्यूची साधी नोंदही धड होत नसे, त्यांचे आकडे ओसाकाच्या आकड्यांशेजारी ठेवण्याइतके विश्वासार्ह कसे ठरले, हा प्रश्न मला त्या अंतराहून अधिक महत्त्वाचा वाटला. हल्ली वर्तमानपत्रांच्या विज्ञानपानांवर वरचेवर बातमी असते, की रक्तातल्या किंवा गाठीतल्या अमुक प्रथिनावरून जठराच्या कर्करोगाचा रुग्ण किती काळ जगेल हे आधीच सांगता येईल. 'बायोमार्कर' हा शब्द आता मराठीत रुळलाच आहे. मी त्याला 'खूण' म्हणते. खुणेवरून भाकीत करण्याच्या या शास्त्राला धाराशिव जिल्ह्याचा एक इतिहास आहे. तो जठराचा नाही, गर्भाशयमुखाचा आहे. पण खूण म्हणजे काय आणि ती कोणाच्या जिवावर सिद्ध होते, हे समजून घ्यायला त्याच्याइतके चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

प्रारंभ बार्शीपासून करावा लागतो. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, परंडा आणि भूम धाराशिव जिल्ह्यात. आज ही केवळ जिल्ह्याची हद्द आहे, परंतु १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत अलीकडे मुंबई इलाखा आणि पलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान होते. ती हद्द ओलांडून परंडा-भूमचे लोक बार्शीला येत, ते कधी बाजाराला, कधी रझाकारांच्या भयाने. संस्थान गेले, सवय राहिली. आजही भूमकडच्या माणसाला 'मोठ्या डॉक्टरला' दाखवायचे असेल तर त्याचे पाऊल आधी बार्शीकडेच वळते. १९८० च्या दशकाच्या आरंभी डॉ. भगवान नेने यांच्या पुढाकाराने बार्शीत कर्करोगाचे रुग्णालय उभे राहिले. १९८१ साली कर्करोगानेच गेलेल्या अभिनेत्री नर्गिस दत्त यांचे नाव त्याला देण्यात आले. तालुक्याच्या गावी कर्करोगाचे स्वतंत्र रुग्णालय ही त्या काळी नवलाचीच गोष्ट होती.

त्या सुमारास भारतात कर्करोगाची मोजदाद होत होती ती शहरांत. मुंबईची नोंदणी डॉ. जस्सावाला यांनी १९६३ साली सुरू केली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८० च्या दशकाच्या आरंभीचा, आणि तोही महानगरांवर बेतलेला. शहरी नोंदणी तशी सरळ असते. रुग्णालये, प्रयोगशाळा आणि महापालिकेचे मृत्यू-दाखले या तीन ठिकाणचे कागद जमवले की बहुतेक रुग्ण सापडतात. खेड्यात यांतले एकही नव्हते. माणूस घरात आजारी पडे, घरातच जाई, आणि शेजारीपाजारी म्हणत, "पोटात काहीतरी झालं होतं." १९८७ साली मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या साहाय्याने बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांच्या ग्रामीण भागाची नोंदणी सुरू झाली, ती भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी. साडेतीनशेच्या आसपास गावे, सुमारे चार लाख वस्ती. रोगसांख्यिकीच्या अभ्यासक कस्तुरी जयंत यांचे नाव या कामाशी कायमचे जोडले गेले आहे. कागद येत नाहीत म्हणून इथे माणसे पाठवण्यात आली. नोंदणीचे क्षेत्र-कर्मचारी गावोगाव हिंडत, सरपंच, शिक्षक, ग्रामसेवक, दाई यांना भेटत, कोणाच्या तोंडात बरी न होणारी जखम आहे, कोणाच्या स्तनात गाठ आहे, कोणा बाईच्या अंगावरून अवेळी जाते आहे, याची चौकशी करत, आणि संशय आलाच तर त्या व्यक्तीला बार्शीला येण्यास राजी करत.

माझे बालपण भूम तालुक्यातले. बगलेत वही घेऊन ओसरीवर टेकलेला असा एक माणूस मला अंधुक आठवतो. आजीने त्याला खानेसुमारीचा माणूस समजून घरातली डोकी मोजून दाखवली होती. तो डोकी मोजायला आलेला नाही हे कळल्यावर ती म्हणाली, "दुखणं कोण सांगतंय बाबा, दुखणं अंगावर काढायचं असतं." 'अंगावर काढणे' हा वाक्प्रचार मी गेली वीस वर्षे वर्गात शिकवते आहे. त्याचा अर्थ सांगताना मला ती ओसरी आठवते.

या नोंदणीची खरी गंमत पुढेच आहे. शास्त्राचा नियम असा, की मोजणाऱ्याने मोजल्या जाणाऱ्या वस्तूला धक्का लावू नये. इथे नेमके उलटे घडले. चौकशीला आलेला माणूस लक्षणे समजावून सांगे आणि त्यामुळे बायका लवकर येऊ लागल्या. काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्ण स्त्रिया पूर्वीपेक्षा अलीकडच्या अवस्थेत बार्शीला पोहोचू लागल्या, आणि पुढे त्यांचे जगण्याचे प्रमाणही सुधारले. जयंत, नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५-९६ साली हे निष्कर्ष आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडले. ना नवे यंत्र आले होते, ना नवे औषध. वही घेऊन दारात येणारा एक माणूस तेवढा नवा होता. आणि त्याच वहीतून दुसरी गोष्ट पुढे आली, ती म्हणजे या भागातल्या स्त्रियांच्या कर्करोगांत गर्भाशयमुखाचा कर्करोग पहिला आहे. जठराचा रकाना जवळजवळ रिकामा आणि हा भरलेला.

इथे क्षणभर बार्शी सोडून 'खूण' या कल्पनेच्या इतिहासाकडे वळले पाहिजे. कर्करोगाची पहिली रासायनिक खूण सापडली ती लंडनमध्ये, १८४५ साली, एका किराणा दुकानदाराच्या लघवीत. हाडे मऊ होऊन असह्य वेदनांनी तो अंथरुणाला खिळला होता. त्याच्या डॉक्टरांना लघवीत एक चमत्कारिक पदार्थ दिसला. ऊन केल्यावर तो साकळे आणि उकळल्यावर पुन्हा विरघळून जाई. नमुना हेन्री बेन्स जोन्स या रसायनज्ञ वैद्याकडे गेला. त्याने ते प्रथिन असल्याचे ओळखले, आणि हाडांच्या अशा रुग्णांत ते पुन्हा शोधावे असे सुचवून ठेवले. दुकानदार १८४६ च्या प्रारंभी वारला. रोगाचे नाव आणि स्वरूप ठरायला पुढे कित्येक वर्षे गेली, परंतु प्रथिनाला बेन्स जोन्सचे नाव चिकटले ते आजतागायत. दुकानदाराचे नाव मात्र फक्त इतिहासकारांना ठाऊक.

पुढच्या शतकात अशा खुणांचा शोध हा एक उद्योगच झाला. १९६५ साली माँट्रिअलमध्ये फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांना मोठ्या आतड्याच्या कर्करोगात एक प्रथिन सापडले. गर्भाच्या पचनमार्गात ते असते, निरोगी प्रौढात जवळपास नसते. आता रक्ताच्या एका थेंबावरून कर्करोग कळणार, अशी आशा तेव्हा निर्माण झाली. ती टिकली नाही. हेच प्रथिन धूम्रपान करणाऱ्यांत वाढलेले आढळले, यकृताच्या विकारांत आढळले, जठराच्या आणि इतर कर्करोगांतही आढळले. ज्या खुणेचे अनेक अर्थ होतात तिच्यावरून निदान करता येत नाही. उपचार झालेल्या रुग्णाचा रोग उलटतो आहे काय, हे पाहण्यापुरती ती उरली. पोलिसपाटलाला गावातल्या प्रत्येकावरच संशय आला तर चोर सापडत नाही, तशातली ही गत.

जठराच्या बाबतीत अडचण आणखी गंमतीची आहे. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जठरात वस्ती करणारा जिवाणू ऑस्ट्रेलियाच्या वॉरेन आणि मार्शल यांनी १९८२ साली ओळखला, आणि त्याबद्दल त्यांना २००५ साली नोबेल मिळाले. जठराच्या कर्करोगाचे ते सर्वांत मोठे कारण. मग हा जिवाणू हीच खूण का मानू नये? भारतीय प्रौढांत तो सर्रास आढळतो आणि तरीही भारताच्या बहुतेक भागांत जठराचा कर्करोग कमी आहे. संशोधक याला भारतीय कोडे म्हणतात. जी खूण बहुतेकांच्या कपाळी असते ती कोणाविषयीच काही सांगत नाही. म्हणून जपानी संशोधक जिवाणूच्या पुढे जाऊन पेप्सिनोजेन या प्रथिनाकडे वळले. जठराचे अस्तर झिजू लागले की रक्तातल्या त्याच्या दोन प्रकारांचे परस्परप्रमाण ढळते. आगंतुक कोण आला यापेक्षा घराची पडझड किती झाली, हे ती खूण सांगते.

गर्भाशयमुखाच्या बाबतीत निसर्गाने कोडे थोडे सोपे घातले आहे. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउजेन यांच्या गटाने १९८३ आणि १९८४ साली या कर्करोगात मानवी पॅपिलोमा विषाणूचे सोळा आणि अठरा क्रमांकाचे प्रकार शोधून काढले. २००८ साली त्यांनाही नोबेल मिळाले. हा विषाणू पेशीत शिरला की दोन प्रथिने बनवतो, आणि ती पेशीच्या स्वतःच्या दोन पहारेकरी प्रथिनांना निकामी करतात. बहुतेक स्त्रियांचे शरीर विषाणूला दोनेक वर्षांत हुसकावून लावते. ज्यांच्यात तो ठाण मांडतो त्यांच्यापैकी काहींना दहा-पंधरा वर्षांनी कर्करोग होतो. म्हणजे खूण दिसणे आणि रोग होणे यांच्यात काळाचे मोठे अंतर आहे. त्या अंतरात काही करता येते. प्रश्न एवढाच होता, की हे न्यूयॉर्क-पॅरिसच्या बायकांइतकेच कळंब-उमरग्याच्या बायकांतही खरे ठरते काय, आणि इथे परवडते काय.

१९९९ च्या अखेरीस या प्रश्नाच्या उत्तराचा प्रयोग तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुरू झाला. लिआँची संस्था, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि बार्शीचे रुग्णालय यांचा तो संयुक्त प्रकल्प होता, पैसा गेट्स प्रतिष्ठानचा. रंगस्वामी शंकरनारायणन, नेने, सुरेंद्र शास्त्री, जयंत ही त्यातली प्रमुख नावे. जिल्ह्यातल्या गावांचे ५२ समूह पाडण्यात आले आणि सोडतीने त्यांची चार गटांत वाटणी झाली. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया. एका गटात विषाणूचा डीएनए शोधणारी चाचणी, दुसऱ्यात पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची जुनी पॅप तपासणी, तिसऱ्यात गर्भाशयमुखावर पातळ ॲसेटिक आम्ल लावून, म्हणजे व्हिनेगरच म्हणा ना, उमटणारा पांढरा डाग नुसत्या डोळ्यांनी पाहण्याची पद्धत. चौथ्या गटात तपासणी नाही. त्यांना रोगाची माहिती देण्यात आली आणि तपासणी कुठे होऊ शकते ते सांगण्यात आले.

या प्रयोगाची संख्याशास्त्रीय बाजू सर्वत्र लिहिली गेली आहे. मला राहून राहून आश्चर्य वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे. बोलावलेल्या दर पाच स्त्रियांपैकी जवळपास चार आल्या. ज्या भागात स्त्रीच्या त्या अवयवाला बोलीत उच्चारण्याजोगा शब्द नाही, 'पिशवी' म्हणून किंवा नुसते 'खाली' म्हणून वेळ मारून नेली जाते, तिथल्या बायका शेतातले काम टाकून, परिचारिकेपुढे जाऊन, ज्याचे अजून काही दुखत नाही असा अवयव तपासून घ्यायला तयार झाल्या. बारा वर्षे गावोगाव हिंडलेल्या त्या वहीवाल्या माणसांनी ही जमीन नांगरून ठेवली होती, असे मला वाटते. नमुने खेड्यांतून प्रयोगशाळेत येत, निकाल परत खेड्यात जात, आणि ज्यांच्यात दोष आढळे त्यांची दुर्बिणीखाली तपासणी होऊन पूर्वावस्थेतल्या बिघाडावर तिथेच, अतिशीत उपचाराने किंवा विजेच्या तारेने, इलाज होई.

निकाल २ एप्रिल २००९ रोजी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाला. आठ वर्षांच्या पाठपुराव्यात विषाणू-चाचणीच्या गटातील ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी या कर्करोगाने दगावल्या. काहीही तपासणी न झालेल्या ३१,४८८ पैकी ६४. म्हणजे मृत्यू जवळपास निम्मे. पॅप तपासणीच्या आणि व्हिनेगरच्या गटांत मृत्यू अनुक्रमे ५४ आणि ५६. त्यांच्यात आणि तपासणी न झालेल्या गटात सांख्यिकीच्या कसोटीवर टिकेल असा फरक नव्हता. एकाच तपासणीने मृत्यूचे प्रमाण इतके खाली येते, हे कुठल्याही देशात यादृच्छिक प्रयोगाने प्रथमच सिद्ध होत होते, आणि ते आमच्या जिल्ह्यात होत होते. २०२३ साली जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले, परंतु जगाच्या वैद्यकशास्त्रात तो उस्मानाबाद याच नावाने राहणार. शेवटच्या निजामाचे नाव त्याच्या राज्यकारभाराने जेवढे दूर गेले नसेल तेवढे या स्त्रियांनी नेले.

त्या लेखातला एक आकडा मात्र सहसा कोणी उद्धृत करत नाही. चाचणीत दहांतली सुमारे एक स्त्री विषाणूधारी निघाली, उरलेल्या नऊ निघाल्या नाहीत. या नऊ जणींचे पुढे काय झाले? ज्यांचा निकाल विषाणू नसल्याचा होता त्यांच्यात कर्करोगाचे प्रमाण वर्षाला लाखामागे ३.७ इतके राहिले. पॅप तपासणीने निर्दोष ठरवलेल्या स्त्रियांत ते १५.५ होते, व्हिनेगरने निर्दोष ठरवलेल्यांत १६. म्हणजे या खुणेचे खरे सामर्थ्य ती असण्यापेक्षा नसण्यात आहे. ती नऊ बायकांना सांगते, जा, आता कित्येक वर्षे चिंता नाही. भाकीत म्हटले की आपल्याला अशुभाचेच भाकीत आठवते. वैद्यकात निश्चिंत करणारे भाकीत अधिक दुर्मीळ आणि अधिक मोलाचे असते.

आता चौथ्या गटाविषयी. त्याच्यावाचून हा इतिहास लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. पॅप तपासणी १९४० च्या दशकापासून ज्ञात होती आणि जिथे ती नीट राबवली गेली त्या देशांत हा कर्करोग ओसरला होता. मग तीस हजारांहून अधिक स्त्रियांना तपासणीविना ठेवून त्यांचे मृत्यू मोजणे योग्य होते काय? एरिक सुबा या अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञाने हा आक्षेप वर्षानुवर्षे लावून धरला. २०१४ साली भारतीय वैद्यकीय नीतिशास्त्राच्या नियतकालिकात त्याने लिहिले, की मुंबई, उस्मानाबाद आणि तमिळनाडू येथील तीन प्रयोगांच्या तपासणी नसलेल्या गटांत मिळून २५४ स्त्रिया या रोगाने मेल्या. संशोधकांनी तिथेच उत्तर दिले. भारतात तपासणीचा कुठलाही कार्यक्रम अस्तित्वात नव्हता, तेव्हा चौथ्या गटाला जे मिळाले ते देशातल्या प्रत्येक स्त्रीला मिळत होते तेच होते. आणि तुलनेशिवाय कुठलेही सरकार खर्चाला तयार झाले नसते.

दोन्ही बाजू वाचून मी कित्येक दिवस अस्वस्थ होते. संशोधकांचे म्हणणे खोटे नाही. पॅप तपासणी चांगली म्हणून सर्वांना सरसकट दिली असती, तर आपल्या खेड्यांत ती फारशी उपयोगी पडत नाही हे कळलेच नसते. पॅप गटातले ५४ हा त्याचा पुरावा. तरीही "त्यांना एरवीही काही मिळत नव्हतेच" या युक्तिवादात मला काहीतरी खुपते. आपल्या दारिद्र्याची पातळी हीच मग प्रयोगाची पायरी होते. जिथे व्यवस्था आहे तिथे असा प्रयोग करता येत नाही, कारण तिथे चौथा गटच मिळत नाही. म्हणून तो उस्मानाबादेत होतो. जागतिक वैद्यक संघटनेच्या हेलसिंकी घोषणापत्रातले नियंत्रण-गटाविषयीचे कलम २००० साली सुधारून कडक करण्यात आले, तेव्हा हा प्रयोग सुरू होऊन वर्ष होत होते. नीतीचा नियम आणि सोडतीची चिठ्ठी यांत चिठ्ठी थोडी आधी निघाली, इतकेच. चौसष्ट आणि चौतीस यांच्यातली तीस ही वजाबाकी म्हणजे जगाला मिळालेले ज्ञान आहे. कुठल्या गावचे घर कुठल्या गटात गेले हे त्या घरांना बहुधा आजही ठाऊक नसेल.

आणि एवढे करून त्या ज्ञानाचे आपण काय केले? जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शनात विषाणूची डीएनए चाचणी ही पहिल्या पसंतीची तपासणी ठरवली. भारत सरकारच्या २०१६ च्या आराखड्यात तीस ते पासष्ट वयाच्या स्त्रियांसाठी पद्धत निवडली गेली ती व्हिनेगरची. उस्मानाबादेत जिचा उपयोग दिसला नाही तीच, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु तमिळनाडूतल्या दिंडिगुलच्या आणि मुंबईच्या प्रयोगांत तिने मृत्यू घटवले होते, ती अतिशय स्वस्त आहे, आणि निकाल त्याच बैठकीत कळत असल्याने बाईला दुसरा हेलपाटा पडत नाही. निवड अडाणीपणाची नव्हती. केवळ निवडीपुढे ती फारशी गेली नाही, हे दुःख आहे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ज्यांची कधीही, एकदा तरी, गर्भाशयमुखाची तपासणी झाली होती अशा शंभरात जेमतेम दोन निघाल्या.

जठराच्या प्रथिनांच्या बातम्या या पार्श्वभूमीवर वाचल्या की त्यांचा स्वर निराळा ऐकू येतो. त्यातही भाकिताचे दोन प्रकार असतात आणि बातम्यांत ते हमखास एकत्र कालवले जातात. एक खूण सांगते, या रुग्णाचे पुढे काय होईल. दुसरी सांगते, या रुग्णाला कोणते औषध लागू पडेल. पहिलीने कुतूहल शमते किंवा भय वाढते. उपयोग आहे तो दुसरीचा. जठराच्या गाठीतल्या पेशींवर एचईआर-टू हे प्रथिन मोठ्या प्रमाणात असते असे रुग्ण सुमारे पाचात एक. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय प्रयोगात अशा रुग्णांना त्या प्रथिनाला लक्ष्य करणारे ट्रॅस्टुझुमॅब हे औषध नेहमीच्या रसायनोपचाराच्या जोडीला दिले. जगण्याचा मध्यम काळ ११.१ महिन्यांवरून १३.८ महिन्यांवर गेला. सरासरी पावणेतीन महिने! ज्यांनी घरातले माणूस असे गमावले आहे ते या पावणेतीन महिन्यांना हसणार नाहीत.

पण ही खूण वाचायची तर आधी गाठीचा तुकडा हवा. तुकडा हवा तर दुर्बीण घशाखाली उतरवणारा हवा. आणि त्याच्याही आधी रुग्णाने तिथवर यायला हवे. आमच्याकडे 'जठर' हा शब्द पाठ्यपुस्तकात राहतो. माणसाला होते ते पित्त. जेवण जात नाही, पित्त. छातीत जळते, पित्त. वजन उतरले, पित्तच मुरले असेल. मेडिकलच्या दुकानातून गोळ्यांची पट्टी आणायची आणि अंगावर काढायचे. शेवटी तपासणी होते तेव्हा प्रथिन असो वा नसो, भाकीत करायला खुणेची गरज उरलेली नसते.

आमच्या जिल्ह्यावर या बाबतीत दैवाची थोडी कृपा आहे, हे मात्र मान्य केले पाहिजे. बार्शीच्या धर्तीवरची नोंदणी पुढे उस्मानाबाद आणि बीड या जिल्ह्यांत पसरली. २०१२ ते २०१६ या वर्षांच्या राष्ट्रीय अहवालात देशातल्या सर्व नोंदणी-क्षेत्रांत कर्करोगाचे वयानुरूप प्रमाण सर्वांत कमी आले ते याच दोन जिल्ह्यांचे: पुरुषांत लाखामागे ३९.५, स्त्रियांत ४९.४. पुरुषांत सर्वांत वरचे टोक मिझोरममधील ऐजॉल जिल्ह्याचे, २६९.४. जठराचा कर्करोग देशात सर्वाधिक तिकडेच आहे. धुरावलेले मांस, खारवलेले पदार्थ, तंबाखूच्या धुराने भारलेले पाणी तोंडात धरण्याची तिथली चाल, अशी कारणे संशोधक त्याला देतात. आमचा आकडा खरोखरच कमी की मोजणीत निसटलेला, ही शंका कोणालाही यावी. मलाही आली. काही थोडे निसटतही असेल. परंतु ओसरीवर वही घेऊन बसणाऱ्या माणसाची पद्धत आठवली की सगळाच फरक मोजणीच्या चुकीवर ढकलता येत नाही.

या दोन टोकांची, बार्शीची आणि ऐजॉलची, एकदा गाठ पडली होती. २००९ साली पॅपिलोमा विषाणूवरच्या लशीचा एक मोठा अभ्यास भारतात सुरू झाला. दहा ते अठरा वयाच्या वीस हजार मुलींना दोन किंवा तीन मात्रा देऊन तुलना करायची असे ठरले होते. त्याच्या केंद्रांत बार्शी, पुणे, मुंबई आणि ऐजॉल होते. आंध्र आणि गुजरातेतल्या एका वेगळ्या लस-प्रकल्पावरून वादळ उठले आणि एप्रिल २०१० मध्ये सरकारने अशा सगळ्याच लसीकरणाला स्थगिती दिली. तोवर १७,७२९ मुलींची नोंद झाली होती. जवळपास पाच हजार मुलींना एकच मात्रा मिळाली होती, पुढची कधीच मिळाली नाही. अभ्यासकांनी पाठपुरावा मात्र सोडला नाही. २०२१ साली त्यांनी जाहीर केले, की चिवट विषाणू-संसर्गापासून एका मात्रेने मिळणारे संरक्षण तीन मात्रांच्या जवळपास तोडीचे आहे. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने एक मात्रा पुरेशी मानता येईल असे म्हटले, आणि गरीब देशांतल्या लसीकरणाचा खर्च त्याने एकदम खाली आला. हे ज्ञानही पुन्हा ज्यांना काही मिळायचे राहून गेले त्यांच्याच खात्यातून आले. त्या मुली आता स्त्रिया झाल्या आहेत. त्यांच्यातल्या थोरल्यांनी तिशी ओलांडली आहे, म्हणजे ज्या वयापासून उस्मानाबादच्या बायकांना तपासणीला बोलावले गेले त्या वयात त्या आल्या आहेत.